नावाचं पान: मराठी नावावरून टॅरोचं पान काढायच्या खेळात बेरीज कशी धरावी?

ओवीबद्ध

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्याच्या व्हॉट्सॲप गटात कोजागिरीच्या आठवड्यात 'नावाचं पान' हा खेळ घ्यायचा विचार आहे. प्रत्येकाने नाव द्यायचं, नावातल्या अक्षरांच्या आकड्यांची बेरीज करायची आणि जो आकडा येईल ते टॅरो या चित्रांच्या पत्त्यांतल्या २२ मोठ्या पानांपैकी त्याचं पान. मग त्या चित्रात आपल्याला काय दिसतं ते चार ओळींत लिहायचं. भविष्य, उपाय, लग्नाचे योग यातलं काहीही नाही, एवढं आधीच स्पष्ट सांगणार आहे.

अडचणी अशा. इंग्रजी अक्षरांचे दोन वेगवेगळे तक्ते सापडतात आणि एकाच नावाची दोन पानं येतात. त्यात मराठी नावाचं स्पेलिंग प्रत्येक जण आपल्या मनाने करतो. बेरीज २२ च्या पुढे गेली की काय करायचं यावरही एकमत दिसत नाही. शिवाय कुणाला डेथ किंवा डेव्हिल आलं तर वातावरण बिघडू नये. साधारण ४० जण असतील, त्यामुळे एकाच पानावर तीन-चार जण येणारच, त्यांचं काय करावं? ज्यांनी असे खेळ घेतले आहेत किंवा ज्यांचा या पानांचा अभ्यास आहे त्यांनी नीट पायरीपायरीने सांगावं ही विनंती.

---

गणिती

आधी दोन्ही तक्ते. पायथागोरसच्या नावावर चालणारा तक्ता सरळ क्रमाचा आहे. ए ते आय यांना १ ते ९, जे ते आर यांना पुन्हा १ ते ९ आणि एस ते झेड यांना १ ते ८. म्हणजे ए, जे, एस यांचा १, बी, के, टी यांचा २, असं पुढे. दुसरा खाल्डियन म्हणून ओळखला जातो. त्यात ए, आय, जे, क्यू, वाय यांना १; बी, के, आर यांना २; सी, जी, एल, एस यांना ३; डी, एम, टी यांना ४; ई, एच, एन, एक्स यांना ५; यू, व्ही, डब्ल्यू यांना ६; ओ, झेड यांना ७ आणि एफ, पी यांना ८. नऊ कुणालाच नाही.

आता 'सुनीता' घ्या. एस, यू, एन, आय, टी, ए असं लिहिलं तर पहिल्या तक्त्याने १+३+५+९+२+१ = २१, म्हणजे वर्ल्ड. तेच नाव मधे दोन ई घालून लिहिलं की १+३+५+५+५+२+१ = २२, आणि २२ म्हणजे द फूल (पानांना ० ते २१ असे क्रमांक आहेत, २२ आले की ० चं पान धरतात). शेवटचं पान एका स्पेलिंगने थेट पहिलं झालं! खाल्डियन तक्त्याने पहिल्या स्पेलिंगचे २० येतात (जजमेंट) आणि दुसऱ्याचे २९, ते पुन्हा मिळवून ११. एकाच बाईंची चार पानं झाली. म्हणून रोमन लिपीतूनच जायचं असेल तर 'आधारकार्डावर जसं आहे तसं' किंवा 'तुम्ही स्वतः सही करता तसं' असा एकच नियम नावं मागवायच्या आधी जाहीर करावा. नावं आल्यावर नियम ठरवला की ज्याला पान आवडलं नाही तो स्पेलिंग बदलून मागतो, आणि तिथे खेळातली मजा संपते.

बेरीज २२ च्या पुढे गेली तर आकड्यांची आकड्यांत बेरीज करायची, ही रूढ पद्धत. ती वाईट नाही, पण तिच्यात एक दोष आहे जो फारसा कुणी तपासत नाही. २३ ते ९९ या ७७ संख्या घेऊन त्यांच्या अंकांच्या बेरजा मांडून बघा. ९, १० आणि ११ हे प्रत्येकी ८ वेळा येतात. ८ आणि १२ प्रत्येकी ७ वेळा. ३ फक्त एकदा (३० मधून) आणि १८ फक्त एकदा (९९ मधून). १, २, १९, २०, २१ आणि २२ एकदाही येत नाहीत. नाव, मधलं नाव, आडनाव असं पूर्ण घेतलं की पहिली बेरीज बहुतेक वेळा ६० च्या पुढे जाते, म्हणजे मॅजिशियन, हाय प्रीस्टेस, सन, जजमेंट, वर्ल्ड आणि फूल ही सहा पानं खेळात जवळजवळ येतच नाहीत. ४० जणांत हर्मिट, व्हील ऑफ फॉर्च्युन आणि ११ व्या पानाची रांग लागते, आणि लोकांना वाटतं की आपला गटच असा आहे.

यावर साधा उपाय: अंक मिळवायचे नाहीत, २२ वजा करत राहायचं. ५१ आले तर ५१ वजा ४४, उरले ७, म्हणजे चॅरियट. बाकी शून्य उरली तर फूल. याने २२ ही पानांना सारखी संधी मिळते. काही जण सगळं थेट एक आकडी करून टाकतात. ते मात्र टाळाच, कारण मग ९ च्या पुढची पानं कॅटमध्ये ठेवायचं कारणच उरत नाही.

---

पिंपळपान

गणितींचा हिशेब पटला. पण मुळात सुनीता हे नाव देवनागरीत एकाच तऱ्हेने लिहिलं जात असताना ते रोमनमध्ये नेऊन अडचण का ओढवून घ्यायची? आपल्याकडे अक्षरांना आकडे देण्याची स्वतःची जुनी पद्धत आहे, कटपयादि. केरळच्या गणितज्ञांनी ज्येची (म्हणजे साइनची) कोष्टकं तिच्यात बांधली, आणि कर्नाटक संगीतातले ७२ मेळकर्ता राग आजही तिच्यावरून ओळखतात. धीरशंकराभरणम् मधले पहिले दोन वर्ण ध आणि र, म्हणजे ९ आणि २, उलटे वाचायचे म्हणून २९ वा मेळ. मेचकल्याणीचे म आणि च, ५ आणि ६, म्हणून ६५ वा.

तक्ता पाठ करायला पाच मिनिटं लागतात. क ख ग घ ङ च छ ज झ यांना १ ते ९, ञ ला ०. ट ठ ड ढ ण त थ द ध यांना १ ते ९, न ला ०. प फ ब भ म यांना १ ते ५. य र ल व श ष स ह यांना १ ते ८, आणि ळ ला ९. क, ट, प, य या चारही ओळी १ पासून सुरू होतात, त्यावरूनच नाव पडलं.

नियम मोजके आहेत आणि चुका नेमक्या तिथेच होतात.

काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना आकडा नाही. कि, की, कु, कू सगळे १. म्हणून ऱ्हस्व-दीर्घाचा वाद या खेळात येतच नाही. अनुस्वार आणि विसर्गही सोडून द्यायचे. शब्दाच्या सुरुवातीला सुटा स्वर असेल तर तो ०: उमा म्हणजे ०+५ = ५.

जोडाक्षरात फक्त शेवटचं व्यंजन धरायचं. सगळ्यात जास्त चुका इथे. श्रद्धा मध्ये श्र चा र म्हणजे २, द्ध चा ध म्हणजे ९, एकूण ११. श, द वेगळे मोजायचे नाहीत. रफारही जोडाक्षरच आहे, हे डोळ्यांना पटकन दिसत नाही: र्ष मध्ये आकडा ष चा, म्हणजे ६. क्ष हे क आणि ष, म्हणून ६; अक्षय ०+६+१ = ७. ज्ञ हे ज आणि ञ, म्हणून ०. आपण मराठीत त्याचा उच्चार द्न्य असा करतो, पण मोजायचं लिहिलेलं, बोललेलं नाही. ज्ञानेश्वर मग ०+०+४+२ = ६. याच नियमाने चमच्यातला च आणि चंद्रातला च दोन्ही ६.

नावाच्या शेवटचा अ आपण उच्चारत नाही, तरी तो वर्ण मोजायचा, कारण खाली हलन्त चिन्ह नाही. मंदार = ५+८+२ = १५. उलट कुणी अभिजित् असं पाय मोडून लिहीत असेल तर त्या त् ला आकडा नाही: साध्या 'अभिजित'चे ०+४+८+६ = १८ येतात, पाय मोडला की १२. मून आणि हँग्ड मॅन एवढा फरक. म्हणून एकच वाक्य नियमात घाला: कुणीही पाय मोडायचा नाही.

मूळ पद्धतीत अंक उजवीकडून डावीकडे वाचतात. आपल्याला बेरीजच करायची असल्यामुळे त्याने काही बिघडत नाही.

या पद्धतीची दोन बलस्थानं सांगतो. रोज हाक मारायच्या नावात दोन ते चार वर्ण असतात, त्यामुळे बेरीज बहुतेक वेळा २२ च्या आतच राहते. वैशाली ४+५+३ = १२, प्रसाद २+७+८ = १७, संजय ७+८+१ = १६. सदाशिवसारखं एखादं २४ वर जातं, तिथे गणितींनी सांगितलं तसं २२ वजा करून २. दुसरं म्हणजे, रोमन तक्त्यात शून्य येऊच शकत नाही, कारण सगळ्यात लहान अक्षराचीही किंमत १. टॅरोमध्ये मात्र फूल हे शून्य क्रमांकाचं पान आहे, आणि तिथे पोचायला २२ चा आडमार्ग घ्यावा लागतो. कटपयादीत नीना, नयना यांच्याकडे बघा: नीना ०+० = ०, सरळ फूल. नयना ०+१+० = १, मॅजिशियन. हे मला फार सुंदर वाटतं.

आडनाव घेऊ नका. बेरीज फुगते, आणि गटात सगळ्यांसमोर लग्नाआधीचं की नंतरचं हा प्रश्न कुणालाही विचारायला लागू नये.

---

दगडफूल

वरच्या नियमाने सुनीता ७+०+६ = १३, म्हणजे डेथ. मंदार १५, डेव्हिल. संजय १६, टॉवर. ही तीन पानं येणारच, तेव्हा ती लपवण्यापेक्षा ती कशी दाखवायची याची तयारी ठेवा. तुमचा खेळ चित्रं बघण्याचा आहे, आणि या तिन्ही पानांत बघण्यासारखं फार आहे.

मी रायडर-वेट या कॅटबद्दल बोलतेय. पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेली ही चित्रं १९०९ मध्ये लंडनला छापली गेली आणि आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तीच असतात.

डेथ. काळ्या चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसलाय. हातात काळा झेंडा, त्यावर पाच पाकळ्यांचं पांढरं गुलाब. एवढं सगळ्यांना दिसतं आणि लोक तिथेच थांबतात. खाली नजर न्या. राजा पडलाय, त्याचा मुकुट बाजूला लोळतोय. धर्मगुरू सोनेरी झग्यात हात जोडून उभा आहे. एक तरुणी गुडघ्यावर बसून मान फिरवून घेते. आणि एक लहान मूल सरळ घोड्याकडे बघतंय. चौघांच्या चार तऱ्हा, आणि न घाबरता बघणारं एकटं ते मूल. मागे नदी आहे, तिच्यावर होडी, आणि क्षितिजावर दोन बुरुजांच्या मधे सूर्य. हेच दोन बुरूज १८ व्या पानात, मूनमध्ये पुन्हा येतात. माझ्या मते या पानात मरणापेक्षा बदलासमोर माणूस कसा उभा राहतो हे जास्त आहे, आणि मला त्यात सगळ्यात खरं वाटतं ते त्या तरुणीचं मान फिरवणं. ज्याला हे पान येईल त्याला एवढंच विचारा: या चौघांपैकी तुमची नजर आधी कुणावर गेली? उत्तर लिहिताना माणूस भीती विसरतो.

डेव्हिलसाठी मात्र एकटं पान कधीच दाखवू नका. शेजारी ६ वं पान, लव्हर्स ठेवा. दोन्हींची मांडणी मुद्दाम सारखी केलेली आहे: वर एक मोठी पंखवाली आकृती, खाली डावी-उजवीकडे विवस्त्र स्त्री आणि पुरुष. लव्हर्समध्ये स्त्रीच्या मागे फळांचं झाड आणि त्याला विळखा घातलेला साप, पुरुषाच्या मागे ज्वाळांची पानं असलेलं झाड. डेव्हिलमध्ये तीच फळं आणि तीच ज्वाळा त्यांच्या शेपटीच्या टोकाला आली आहेत: तिच्या शेपटीला द्राक्षांचा घोस, त्याच्या शेपटीला आग. बाहेर वाढणारी गोष्ट अंगाला चिकटली. आणि गळ्यातल्या साखळ्या नीट बघा, त्या इतक्या सैल आहेत की डोक्यावरून सहज निघतील. हे पान बंधनाचं आहे हे खरं, पण बांधलं कुणी हा प्रश्न चित्रातच उघडा ठेवलाय.

इथे गणितींच्या पद्धतीत एक भर घालते. पान काढायला २२ वजा करणं योग्यच, पण आकड्यांची बेरीज पूर्ण टाकून देऊ नका. १५ चे १+५ = ६, हे नातं पानांच्या अभ्यासात मोलाचं आहे. दोन आकडी पान आलं की त्याच्या अंकांच्या बेरजेचं पान 'जोडीदार' म्हणून सोबत द्या. १३ सोबत ४, १५ सोबत ६, १६ सोबत ७. १९ चे आधी १० होतात आणि मग १, तिथे दोन्ही दाखवता येतील.

१३ आणि ४ ची जोडी बघा. एम्परर दगडी सिंहासनावर बसलाय, सिंहासनाला मेंढ्याची डोकी, आणि लाल झग्याखालून पायातलं चिलखत दिसतं. डेथही चिलखतात. बसलेल्या राजाला सत्ता राखायला चिलखत घालावं लागतं, आणि त्याच वेशात येऊन कुणी तरी त्याचा मुकुट खाली पाडतो. १६ आणि ७ मध्येही अशीच गाठ आहे. चॅरियटवाल्याच्या मागे तटबंदीचं शहर आहे, पुढे एक काळा आणि एक पांढरा स्फिंक्स, आणि हातात लगाम नाही. तो नुसत्या निश्चयावर निघालाय. टॉवरमध्ये वीज पडून मनोऱ्याचा मुकुट उडतो आणि दोन माणसं खाली येतात. एकात माणूस स्वतः भिंतीबाहेर पडला, दुसऱ्यात भिंतीने त्याला बाहेर टाकलं, असं मी वाचते. तुमच्या गटातला संजय वेगळं वाचेल, आणि त्याने ते वाचावंच.

एक बारीक सूचना. खेळ घेणाऱ्याने पानाबरोबर अर्थ पाठवू नये. आधी फक्त चित्र आणि पानाचं नाव. माणसाने तीन गोष्टी लिहायच्या: नजर पहिली कुठे गेली, चित्रातली व्यक्ती नेमकं काय करतेय, आणि तिला एक प्रश्न विचारता आला तर कुठला. हे लिहून झाल्यावर रूढ अर्थ दोन ओळींत द्या. क्रम उलटा केला की सगळे तुमचाच अर्थ शब्द बदलून परत पाठवतात. 'हँग्ड मॅन'ला हे सगळ्यात जास्त लागू पडतं. अर्थ वाचलेला माणूस 'त्याग' लिहितो. न वाचलेल्याला दिसतं की हा एका पायाने उलटा लटकलाय, तरी चेहरा शांत आहे, डोक्याभोवती प्रभा आहे, आणि ज्या लाकडाला तो टांगलाय त्याला पालवी फुटलेली आहे.

एकाच पानावर तीन-चार जण आले तर फार चांगलं. नियम एवढाच करा की आधीच्याने उल्लेखलेली वस्तू दुसऱ्याने पुन्हा घ्यायची नाही. चौथ्या माणसाला मग खरोखर चित्रात शिरावं लागतं. उलटं पान हा प्रकार या खेळात ठेवू नका. पत्ते पिसून ओढले तरच पान उलटं येतं. इथे ते बेरजेतून आलंय.

---

जुना_कॅट

दोन गोष्टी राहिल्यात, दोन्ही खेळाआधी ठरवाव्या लागतील.

कॅट कुठला ते जाहीर करा, कारण ८ आणि ११ ची अदलाबदल आहे. जुन्या फ्रेंच परंपरेत, म्हणजे मार्सेय प्रकारच्या कॅटमध्ये, ८ वं जस्टिस आणि ११ वं स्ट्रेंग्थ. १९०९ च्या कॅटमध्ये आर्थर एडवर्ड वेट यांनी ती उलट केली: ८ स्ट्रेंग्थ, ११ जस्टिस. ते गूढविद्येच्या ज्या गोल्डन डॉन मंडळात होते तिथे पानं राशींना जोडलेली होती, आणि सिंह राशीचं पान तूळ राशीच्या आधी यावं म्हणून हा बदल. स्नेहा हे नाव घ्या: स्न चा न ०, ह चे ८. रायडर-वेटमध्ये तिला सिंहाच्या जबड्याला हात लावणारी बाई मिळते, मार्सेयमध्ये तराजू. श्रद्धा आणि मुक्ता या ११ वाल्यांचं नेमकं उलट. गटात कुणाकडे दुसरा कॅट असेल तर तो हमखास 'चुकलं' म्हणून सांगेल.

तराजूवरून आठवलं: रायडर-वेटच्या जस्टिसच्या डोळ्यांवर पट्टी नाही. पट्टी आहे ती तलवारींच्या दुर्रीवरच्या बाईच्या डोळ्यांवर. लोक आठवणीतून लिहितात तेव्हा इथे फसतात, म्हणून चित्र समोर ठेवूनच लिहायला सांगा.

दुसरी गोष्ट चित्रांची. पामेला स्मिथ १९५१ मध्ये वारल्या. भारतात कलाकृतीचा स्वामित्वहक्क मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, तेव्हा मूळ चित्रं आपल्याकडे केव्हाच मुक्त झाली. पण नंतरच्या प्रकाशकांनी नव्याने रंगवलेल्या आवृत्त्यांचा हक्क वेगळा असू शकतो, आणि आजच्या चित्रकारांच्या कॅटची पानं तर परवानगीशिवाय गटात टाकूच नयेत. जुन्या छपाईचं स्कॅन घ्या. त्यावर बऱ्याच पानांच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात स्मिथ बाईंची वेलबुट्टीसारखी सही दिसेल. ती कापू नका. व्हॉट्सॲपवर चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर दाबलं जाऊन साखळीची कडी किंवा द्राक्षांचा घोस दिसेनासा होतो आणि दगडफूल यांनी सांगितलेलं अर्धं वाया जातं.

भविष्य सांगणार नाही हे तुम्ही बरं केलंत, आणि त्याला इतिहासाचाही आधार आहे. टॅरो हा मुळात पत्त्यांचा डाव. १४४० च्या सुमारास उत्तर इटलीत ही चित्रांची पानं नेहमीच्या कॅटला जोडली गेली ती हुकुमाची पानं म्हणून, हात मारण्यासाठी. फ्रान्स-ऑस्ट्रियात तो डाव अजून खेळतात. भविष्यकथनाचं पहिलं पुस्तकी रूप १७८० च्या दशकात पॅरिसमध्ये आलं, आणि ते देणाऱ्या माणसाचं नावच एक नावाचा खेळ होतं. त्याचं आडनाव आलिएत. ते फ्रेंच अक्षरांत शेवटाकडून सुरुवातीकडे लिहून त्याने 'एतेया' हे टोपणनाव घेतलं. खेळाच्या सुरुवातीला हे दोन ओळींत सांगा, वातावरण हलकं होतं.

सावंतवाडीची दशावतारी गंजिफा ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२ पानं, एकूण १२०, आणि तीही खेळायचीच. टॅरो झाल्यावर पुढच्या वेळी तिच्यावरून खेळ बांधता येईल.

---

ओवीबद्ध

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: देवनागरी, फक्त पहिलं नाव, कटपयादि, २२ वजा करायचे, रायडर-वेट, आणि दोन आकडी पानाला जोडीदार पान. रोज दहा नावं घेईन म्हणजे गर्दी होणार नाही. सरावासाठी काही नावं काढली आहेत, कृपया तपासाल का?

रेखा ४. गौरी ५. ऋतुजा १४. स्वाती १७. हर्षदा २. अनिरुद्ध ११. तुळसा २२. दत्तात्रय १७. सदाशिव ६. स्नेहा ८.

आणि एक शंका: 'जॉर्ज', 'ॲलिस' अशी नावंही आहेत. ती चालतील ना?

---

पिंपळपान

तीन ठिकाणी दुरुस्ती आहे.

स्वाती: तुम्ही स, व, त तिन्ही मोजलेत. स्व मधला फक्त व, म्हणून ४+६ = १०, व्हील ऑफ फॉर्च्युन. जोडीदार १. हर्षदा: रफाराचा र मोजला गेलाय, त्यामुळे २४ होऊन २ आले. ह ८, र्ष चा ष ६, द ८, एकूण २२, वजा २२ म्हणजे ०, फूल. सदाशिव: ७+८+५+४ = २४ इथपर्यंत बरोबर, पण मग तुम्ही अंक मिळवलेत. २४ वजा २२ = २, हाय प्रीस्टेस. एक आकडी आहे म्हणून जोडीदार नाही.

तुळसाचे ६+९+७ = २२ बरोबर, पण यादीत तिच्यापुढे ० लिहा, म्हणजे ती आणि हर्षदा एकाच पानावर आहेत हे लगेच दिसेल. दत्तात्रय ८+६+२+१ = १७, अगदी बरोबर, दोन्ही जोडाक्षरं नीट सोडवलीत.

जॉर्ज आणि ॲलिस जशी देवनागरीत लिहितो तशीच मोजायची. जॉ चा ज ८, र्ज चा ज ८, एकूण १६. ॲ हा सुटा स्वर म्हणून ०, मग ३+७ = १०. फक्त नाव देणाऱ्याने ते स्वतः देवनागरीत लिहून पाठवायचं; 'मेरी' की 'मॅरी' हे तुम्ही ठरवू नका, जरी इथे दोन्हींचे ५+२ = ७ च येत असले तरी.

---

गणिती

वरची दुरुस्ती तपासली, बरोबर आहे. तक्ता शीटमध्ये करणार असाल तर चार रकाने पुरतात: नाव, मोजलेले वर्ण, बेरीज, पान. 'मोजलेले वर्ण' हा रकाना गाळू नका. त्यात 'व, त' असं लिहिलं की स्वातीसारखी चूक नजरेनेच सापडते, नुसत्या बेरजेत ती सापडत नाही. आणि शेवटच्या रकान्यात आकड्याबरोबर पानाचं नावही लिहा. ८ आणि ११ च्या बाबतीत नुसत्या आकड्यावर विसंबून चुकीचं चित्र पाठवलं जाईल.